मामा, कंप्युटर चालू झाला

हीच बातमी आधी सांगते, कारण नांदेडच्या दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला सारून तुम्ही मला दर वेळी तेच विचारलंत. भेटायला येणारे तुम्हाला विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि तुम्ही त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून म्हणायचात, "झाला का चालू?" मी नाही म्हणून मान हलवली की डोळे मिटून घ्यायचात. झोप लागायची म्हणून नाही. मला कळायचं, तुम्ही मनातल्या मनात पुन्हा एकदा त्याचं झाकण उघडताय.

झाला चालू. तुमचा चौदावा उरकला, पाहुणे आपापल्या गावाला गेले, मांडववाल्यानं खुर्च्या नेल्या, आणि त्यानंतरच्या एका दुपारी झाला.

चौदाव्याला लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी केली पण कुणाचं काम अडवलं नाही, पुसेगावची जमीन भावाभावांत न भांडता वाटली, फार मनमिळाऊ माणूस. मनमिळाऊ म्हटल्यावर तुमच्याशी संसार केलेल्या आत्यांनी पदराआडून माझ्याकडं बघितलं. असाल तुम्ही कचेरीत मनमिळाऊ. माझ्याशी तर रोज भांडत होता. मोजमापावरून, शुद्धलेखनावरून, चहातल्या साखरेवरून, आणि शेवटी शेवटी त्या काळ्या पडद्यावरून. सासरा आणि सून एका टेबलाशी बसून दुपारभर हुज्जत घालतात, हे कळमनुरीत आपल्या गल्लीला नवीन होतं. मलाही नवीनच. हट्ट्याला माझ्या माहेरी मोठी माणसं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. वाद घालायची सवय मला तुम्ही लावलीत. आता घर इतकं शांत झालंय की भांडं घासताना माझा मलाच आवाज मोठा वाटतो.

तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. सिव्हिलच्या डिप्लोमाचे कागद ट्रंकेत गेले होते आणि मी स्वयंपाकघरात रुळले होते. शेजारच्या शेवंताबाईंच्या घराचं काम निघालं होतं आणि त्यांचा मिस्त्री जिना थेट ओट्याच्या डोक्यावरून न्यायला निघाला होता. त्या आपल्याकडं येऊन कुरकुरत होत्या. मी सहज कॅलेंडरच्या पाठीवर जिना कुठून घेता येईल ते काढून दाखवलं. तुम्ही ओसरीवर बसला होता. तो कागद उचलून चष्म्यापाशी नेलात, उलटा केलात, सुलटा केलात.

"हे कुठं शिकलीस, माय?"

"डिप्लोमात, मामा."

"मंग इथं भाकरी काहून थापून राहिली?"

"मग भाकरी कुणी थापायच्या?"

तुम्ही कागदाची घडी करून खिशात घातलीत. तेवढं एक भांडण मी जिंकले असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही नांदेडहून एक जुना कंप्युटर एसटीत मांडीवर धरून आणलात, ओसरीच्या बाजूच्या खोलीत ठेवलात आणि आत्यांना सांगितलंत, "दुपारच्याला हिला हाक मारायची न्हाई." आत्या किती तरी दिवस तुमच्याशी धड बोलल्या नव्हत्या. माझ्याशीही. त्या खोलीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. चहा झाला की दाराबाहेर कप ठेवून कडी वाजवायच्या.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. एकदा पुसेगावहून तुमचे चुलतभाऊ आले होते. मी आत चहा गाळत होते. त्यांनी विचारलं, "सूनबाई काय करती दिवसभर त्या खोलीत?" तुम्ही म्हणालात, "लोकांची घरं काढती." बस, एवढंच. पण ज्या आवाजात म्हणालात तो ऐकून मी गाळणी हातात धरून तशीच उभी राहिले आणि चहा ओट्यावर सांडला. बाहेर येऊन तुम्हाला काहीतरी म्हणावं असं फार वाटलं होतं. पण बाहेर आले, बिस्किटांची बशी ठेवली आणि परत आत गेले.

प्रोसेसर बदलायचं निघालं ते उषाताईंमुळं. सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या उषाताईंना स्वतःच्या नावावर घर बांधायचं होतं. मी त्यांच्यापुढं नकाशा पसरला तर त्या म्हणाल्या, "बाई, ह्या रेघा मला समजत न्हाईत. घरात शिरल्यासारखं दाखवा. पाया घ्यायच्या आधी मला एकदा त्याच्यात फिरून बघायचंय." तसं दाखवायचं तर थ्रीडी करावं लागतं, आणि आपल्या जुन्या कंप्युटरला ते झेपत नव्हतं. एक भिंत फिरवायला सांगितली की पडदा गोठायचा. मी जाऊन भाजी चिरून यायची तरी भिंत जागची हललेली नसायची.

मी म्हटलं, नवाच घेऊ. तुम्ही म्हणालात, "अंग धड हाय त्याचं. नुसतं डोकं बदलू." नांदेडच्या दुकानदारानं आपल्या मदरबोर्डचं नाव बघून सांगितलं की ह्या खाचेत हा नवा प्रोसेसर आरामात बसतो. तो काही खोटं बोलला नाही, मामा. बसला तर आरामातच.

तो बसवायचा दिवस तुम्ही सणासारखा केलात. धुतलेली चादर अंथरलीत, स्वतः हात धुतलेत, मलाही धुवायला लावलंत. माहितीपुस्तक उघडून कचेरीतलं परिपत्रक वाचावं तसं एकेक इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारत होता, "केलं का? मंग पुढं." जुना प्रोसेसर मी काढला. नव्याच्या पाठीवर पंखा बसवायच्या आधी उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट लावायची होती, तर तुम्ही माझ्या हातातून नळी घेतलीत. "पानाला चुना लावतेत तेवढीच. जास्ती झाली की तोंड भाजतं." आणि खरंच, इतकी बेताची लावलीत की मला त्यात काही खोट काढता आली नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले, पुढचा दिवा लागला. पडदा काळा. कोपऱ्यात 'सिग्नल नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली आणि विझली.

"पुन्हा दाब," तुम्ही म्हणालात.

पुन्हा तेच.

त्यानंतरचे दिवस मला आता सारखे आठवतात. तेव्हा ते तकलिफीचे वाटत होते. रॅमच्या पट्ट्या काढून एकेक करून लावून पाहिल्या. प्रोसेसरला वीज देणारी वायर उपसून पुन्हा घट्ट बसवली. बोर्डावरचा छोटा सेल काढून, जरा वेळ थांबून परत घातला, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. तुम्ही भिंगातून प्रोसेसरच्या पिना बघितल्या, उन्हात नेऊन बघितल्या, आणि म्हणालात की हळदीच्या सरी सुद्धा इतक्या सरळ कुणाच्या नसतात. एकही पीन वाकलेली नव्हती. प्रत्येक वेळी झाकण लावायचं, बटण दाबायचं, दोघांनी पडद्याकडं बघायचं. आणि मग भांडायचं.

तुमचं म्हणणं, वीज पुरवणारा डबा जुना झालाय, नव्या प्रोसेसरला तो पुरा पडत नाही. माझं म्हणणं, प्रोसेसरच मेलेला निघालाय, परत करू. हिंगोलीहून कामावरून आलेले तुमचे चिरंजीव, संतोष, दारात उभे राहून म्हणायचे, "अरे नांदेडला दुकानात टाका ना तो." आणि आपण दोघं एकदमच त्यांना म्हणायचो, नाही.

"आपल्याला कळंस्तोर कुणाला द्यायचा न्हाई," तुम्ही म्हणायचात.

मी एकसारखं सांगत होते. "मामा, जुना प्रोसेसर परत बसवून बघू. तो चालला तर निदान कळेल की बाकी सगळं ठीक आहे."

"न्हाई."

"का पण?"

"नवा आणलाय तर नवाच चालवायचा. एकदा मागं गेलो की मंग तिथंच राहतो मानूस."

"अहो, फक्त तपासायला."

"न्हाई म्हणलं ना."

त्या दुपारी मी चिडून स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्या छातीत दुखायला लागलं. संतोषनी गाडी केली. गाडीत बसताना तुम्ही मला म्हणालात, "त्याच्यावर फडकं टाक, धूळ जाईल."

दवाखान्यात एका संध्याकाळी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. आत्या खाली देवाला गेल्या होत्या. तुम्ही बोटानं मला जवळ बोलावलंत.

"माय, जुना बसव."

मला आधी कळलंच नाही.

"जुना प्रोसेसर. तू म्हणत व्हतीस ना, तसा. बसवून पाय."

"तुम्ही घरी आल्यावर बसवू, मामा."

"माझी वाट काहून पाहतीस? तुझं काम अडून राहिलंय."

"नाही, नवाच चालवू. तुम्ही म्हणत होतात तसं."

तुम्ही थोडंसं हसलात आणि मास्क परत नाकावर ओढून घेतलात. मामा, इतक्या वर्षांत तुम्ही माझं एकदम ऐकलंत ते तेवढंच. आणि मला ते नको होतं. तुम्ही हट्टानं न्हाई म्हणावं, काहून म्हणून विचारावं, हातवारे करावेत, असं मला त्या वेळी इतकं वाटत होतं की मी मुद्दाम तुमची बाजू घेऊन तुमच्याशी भांडायला बघत होते. तुम्ही भांडला नाहीत. त्या रात्रीनंतर तुमची तब्येत उतरत गेली, आणि मग तुम्हाला आम्ही कळमनुरीला घेऊन आलो ते चादरीत झाकूनच.

चौदाव्यानंतर आत्यांनी तुमचा चष्मा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "डबीत घालून ठेव कुठं तरी, माझ्यासमोर नको." मी डबी उघडली तर आत कापसाची गादी आणि त्यावर आपला जुना प्रोसेसर. पिना वर करून, अगदी नीट निजवलेला. मी तो त्या दिवशी नुसता टेबलावर काढून ठेवला होता. तुम्ही कधी उचलून ठेवलात ते मी बघितलंच नव्हतं. चष्म्याची डबी त्याला दिलीत आणि चष्मा तेवढे दिवस खिशात घालून हिंडलात. मागं जायचं नाही म्हणत होता, पण जुना टाकलाही नव्हता.

त्याच दुपारी मी चादर अंथरली, हात धुतले आणि बसले. वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचत गेले आणि मीच स्वतःला विचारत गेले, केलं का? मग पुढं. जुना बसवला. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली.

म्हणजे तुमच्या त्या विजेच्या डब्यात काही दोष नव्हता. रॅम, वायरी, सेल, सगळं ठीक. मग राहिला नवा प्रोसेसर, आणि मी जिंकले असं मला वाटलं. पण खात्री करावी म्हणून मोबाइलवर आपल्या बोर्डाचं नाव टाकून शोधलं, आणि बोर्ड बनवणाऱ्यांच्या पानावर सरळ लिहिलेलं सापडलं. बोर्डाच्या पोटात एक मूळ आज्ञावली असते, तिला बायोस म्हणतात. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी ती जागी होते आणि कोणकोण हजर आहे ते बघते. आपला बोर्ड जुना. हा प्रोसेसर त्याच्या नंतर निघालेला. आपल्या बायोसला त्याची ओळखच नव्हती, म्हणून ती त्याला घेऊन पुढं जात नव्हती. बायोस नवी करून घेतली की काम होणार होतं, आणि ती नवी करायची तर जुन्याच प्रोसेसरवर करावी लागणार होती.

तुम्ही चुकला होता, मीही चुकले होते. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून म्हणाला असता, "म्हंजे वरून ऑर्डरच आली न्हाई. बिनऑर्डरीचं कोन रुजू करून घेतंय? बराबर हाय त्याचं." मला तुमचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी एकटीच हसले. हसत राहिले, आणि थोड्या वेळानं ते हसू राहिलं नाही.

मी डोळे पुसत होते तेव्हा आत्या दारात आल्या. कप नव्हता हातात.

"काय झालं गं?"

मी सांगितलं. फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतलीय, ती बोर्डात भरायची आहे, पण भरताना मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा जाईल, आणि आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी तर बसलेली आहे.

त्यांना बाकी किती कळलं माहीत नाही, पण लाइट जाता कामा नये हे कळलं. त्यांनी मला फोन लावायला सांगितला, आपल्या भागातल्या वायरमनला, आणि स्वतः बोलल्या. "दादा, आज लाइट बंद करनार हाव का तुमी? न्हाई ना? नक्की? आमच्या घरी महत्त्वाचं काम चालू हाय." फोन ठेवला आणि उंबरा ओलांडून आत आल्या. भिंतीवरच्या बटणांपुढं पाठ टेकवून उभ्या राहिल्या, कुणाचा हात लागू नये म्हणून. घरात आमच्या दोघींशिवाय कुणीही नव्हतं.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. आत्या तोंडातल्या तोंडात नाव घेत होत्या; देवाचं की तुमचं, ते मी विचारलं नाही. बाहेर एक पिकअप गेली. वरचा पंखा एकदा मंदावल्यासारखा वाटला आणि आम्ही दोघींनी एकदमच वर बघितलं. मग पट्टी पूर्ण भरली.

कंप्युटर बंद केला. जुना काढून कापसात ठेवला, नवा बसवला, चुन्याएवढी पेस्ट लावली. बटण दाबलं आणि पडद्यावर नव्या प्रोसेसरचं नाव आलं. मी दाराकडं वळले आणि "मामा" म्हणून हाक मारली. सवयीनं. आत्यांनी ती ऐकली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

आपलं दुसरं भांडण अजून मिटलेलं नाही, तेही सांगते. नकाशा काढणार मी आणि त्याच्यावर सही हिंगोलीच्या इंजिनिअरची, हे तुम्हाला कधी पटलं नाही. "सहीचा परवाना काढ, अर्ज मी लिहून देतो, अर्ज लिहिन्यात माझी जिंदगी गेली," असं तुम्ही म्हणायचात आणि मी म्हणायची, बघू. माझ्या सहीवर विश्वास ठेवून कोण येणार, हे माझं उत्तर. उषाताई थांबल्यात, मामा. मी त्यांना दुसरीकडं जा म्हटलं तर म्हणाल्या, "मला घाई न्हाई, तुमीच दाखवा." तरीही अर्ज मी अजून केलेला नाही. करीन की नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू. समोर तुम्ही बसला असता तर नाही म्हणायला जोर आला असता, आणि नाही म्हणता म्हणता कदाचित केलाही असता.

त्या दिवशी कंप्युटर चालू झाल्यावर आत्या परत गेल्या नाहीत. तुमची खुर्ची ओढून बसल्या.

"ह्याच्यात आपलं घर काढता येतं का?"

येतं म्हटल्यावर त्यांनी स्वतः टेपचं एक टोक धरलं आणि आम्ही दोघींनी सगळं घर मोजलं. मी भिंती उभ्या केल्या, दारं-खिडक्या बसवल्या. पडदा कुठंही गोठला नाही. मग मी त्यांना ओसरीतून आत नेलं. त्या टेबलाची कड धरून बसल्या होत्या, खरंच कुणी हाताला धरून नेत असल्यासारख्या. स्वयंपाकघर बघून म्हणाल्या, इतकं अंधारं हाय व्हय. मग मधल्या खोलीत आलो. तिथं मी तुमची बाज टाकली होती.

ह्याच्यात ऊन कसं पडतं तेही दाखवता येतं. मी दुपारची वेळ लावली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं, फरशीवरून सरकलं आणि बाजेच्या उशाशी जाऊन थांबलं.

आत्या पडद्याच्या जवळ सरकल्या.

"हितंच झोपायचे," त्या म्हणाल्या. "तोंडावर पंचा टाकून. रोज. मला वाटायचं, मी कामाला हाक मारीन म्हणून टाकतेत. माझं तोंड बघायचं न्हाई म्हणून." मग म्हणाल्या, "ऊन लागत व्हतं व्हय त्यांना."

मी खिडकीच्या चौकटीवर माउस नेला.

"काही करता येतं का त्याला?"

मी खिडकीवर छज्जा काढला. पुरला नाही, तेव्हा थोडा पुढं ओढला. ऊन उशावरून मागं सरलं, फरशीवर आलं आणि खिडकीखाली जाऊन राहिलं. बाजेवर सावली झाली.

आत्यांनी पडद्यावर त्या रिकाम्या बाजेवरून बोट फिरवलं, चादरीची सुरकुती काढावी तसं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता झोपा म्हणावं."